अंगवळणी

सातवं दुकान. रेल्वेच्या पुलाखालचं.
वरून गाडी गेली की हँगरवरचे कोट
एकमेकांना खांदे मारतात.
सेत्सुयो म्हणते, छाती छत्तीस, पण खांदे अडतीसचे,
आणि बाह्या कुणा उंच माणसाच्या नकोत.
आधीच्या सहा दुकानांत तिला ऐकवलं होतं,
बाई, हे पुरुषांचं जाकीट आहे,
जणू तिला ते दिसत नव्हतं.

इनागाकी ऐकवत नाही. चष्मा कपाळावर, टेप गळ्यात.
"काम काय करता?"
"बंदरात क्रेन चालवते. चाळीस मीटर वर."
"मग बसा." पायानेच तो स्टूल पुढे सरकवतो.
"हात पुढे. दांडे धरल्यासारखे. आता खाली बघा."
ती खाली बघते, आणि सवयीने
फरशीवर कंटेनर शोधते.
तो पाठीवर टेप टाकतो, बरोबर तिथे,
जिथे तिला रात्री दुखतं.

"आरशासमोर सगळे उभे राहतात,
आणि म्हणतात आखूड आहे," तो म्हणतो.
"हे उभ्या माणसाचं नाहीच.
आभाळात बसून काम करणाऱ्याचं आहे."

घोड्याचं कातडं, हिमेजीकडे कमावलेलं.
कमावलेलं. पगारासारखं.
तिचे दोन पगार गेले, आणि तीन महिने.

पहिले कित्येक दिवस ते तिचं नव्हतंच.
काढून ठेवलं तरी कोपऱ्यात आपलं आपण उभं,
रागावलेल्या पाहुण्यासारखं.
कोपर दुमडू देईना. नव्या वहाणेसारखं
मानेला चावायचं.
ती ते घालून भांडी घासायची. घालून बातम्या बघायची.
अडणाऱ्या चेनवर मेणबत्तीचा तुकडा फिरवायची.
एका रविवारी भुरभुर पावसात मुद्दाम
डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेली,
ओलं अंगावरच वाळू दिलं,
आणि दोन दिवस शिंकत बसली.
तेल लावू नका, इनागाकीने बजावलं होतं.
तिने लावलं. थोडंसंच. कॉलरला.

आईकडे जाताना मात्र
ते जिन्यातच काढून पिशवीत कोंबायचं.
आई सहा वर्षांची होती
तेव्हा हे शहर वरून पेटलं.
वर जे बसले होते, त्यांच्या अंगात
काय होतं, आई कधी बोलली नाही.
सेत्सुयोने विचारलं नाही.

मग एकदा विसरली. दार उघडलं,
आणि ती अंगात घालूनच उभी.

आईने बाही हातात घेतली.
चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेला हात,
त्याने आधी टाके मोजले.
अस्तर उलटलं. कॉलरच्या आत नाक घातलं.
"म्हणजे," ती म्हणाली,
"त्यांनाही थंडी वाजायची तर."

किटली वाजली. कुणी उठलं नाही.
वाजत राहिली.

"उजवी बाही लांब झालीय. अर्धा सेंटिमीटर."
"हो. उजवा हात जास्त पुढे जातो माझा."
"मग असू दे," आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली.

आता फेब्रुवारी. केबिनच्या काचेवर बाष्प.
खाली बुसानहून आलेलं जहाज,
आगपेट्यांसारखे रचलेले डबे.
सेत्सुयो दांडे पुढे ढकलते
आणि कोपरांतून कर्र असा आवाजही येत नाही.
कधी थांबला, तिला सांगता येणार नाही.
अंगवळणी पडलं म्हणतात ते हेच असावं,
अंगाचं वळण कातड्यात पडणं,
किंवा उलट.

कोपरावरचा काळा रंग विरलाय.
आतून चहाचा रंग दिसतो, दूध न घातलेल्या.

घरी आल्यावर ती ते खुर्चीच्या पाठीवर टाकते.
बाह्या सरळ खाली लोंबत नाहीत.
पुढेच राहतात, किंचित वाकलेल्या,
उजवी जरा जास्त.
खिशात काळा दोरा ओवलेली एक सुई आहे.
ही तिने ठेवलेली नाही.